माझ्या उजव्या हाताला चटणी

श्रीरंगकाका अख्ख्या जगात एकाच पानावर एकटे फिरायचे. बाकीच्या सगळ्या पानांवर त्यांना सांग्याचा हात धरून जावं लागायचं, आणि ते त्यांना मुळीच आवडायचं नाही.

सांग्या म्हणजे कानात बसणारं ते हरभऱ्याएवढं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण आमच्या सांगलीत सगळे सांग्याच म्हणतात. तुम्ही विचारायचं, त्यानं सांगायचं. मी बालवाडीत असताना लोक अजून पडद्यावर वेबसाइटची पानं डोळ्यांनी बघत होते म्हणे. आई सांगते, तेव्हा प्रत्येक पानाला जागा असायच्या. रेल्वेच्या पानावर तिकीट कुठे, शाळेच्या पानावर निकाल कुठे, हे बोटांना पाठ असायचं. कुणी जागा बदलली की लोक चिडायचे. आता कुणी चिडत नाही, कारण जागाच उरलेल्या नाहीत. सांग्या पानाच्या पोटात शिरतो, फणसासारखं ते फोडतो आणि त्याला वाटतील तेवढेच गरे तुमच्या हातावर ठेवतो. रोज वेगळे, रोज वेगळ्या क्रमानं. सांग्याला वाटतं आपण किती हुशार.

श्रीरंगकाका म्हणजे माझ्या मृणालआत्याचा नवरा. जन्मापासून अंध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्डावरचं कुठलं बटण मॅनेजरचं, कुठलं कॅशचं, कुठलं चहा पाठव म्हणून खालच्या टपरीचं, सगळं बोटांत. बँकेत बोर्डच राहिला नाही तेव्हा त्यांची बदली चौकशीच्या टेबलावर झाली. त्या गोष्टीचं दुःख ते अजून हसत हसत सांगतात.

"हा तुमचा सांग्या कसा आहे माहितीये रेवे?" ते मला म्हणायचे. "मुक्कामी आलेला पाहुणा असतो एक, तो घरात नसताना आपलं कपाट आवरून ठेवतो. भलं करायला जातो बिचारा. पण आपला सदरा आपल्याला सापडत नाही."

त्यांचा सदरा सापडायचा असं एकच पान होतं, श्रवण ग्रंथालयाचं. हे ग्रंथालय बोलत्या पुस्तकांचं. गावातली माणसं पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ज्यांना दिसत नाही ते ती ऐकतात. त्याची वेबसाइट मृणालआत्यानं माझ्या जन्माच्या खूप आधी लिहिली होती. ती पुण्याची नोकरी सोडून लग्न करून सांगलीला आली तेव्हा. आत्या जाऊन आता तीन वर्षं झाली. काका आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतात, जेवायला खाली येतात आणि दिवसभर त्या पानावर असतात. म्हणजे असायचे.

कारण गेल्या महिन्यात एके दिवशी त्यांनी आमटी भुरकता भुरकता सांगितलं, "सांग्या म्हणतोय, एक तारखेपासून ग्रंथालयाचं पान बंद."

"बंद म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे तो नेणार नाही तिथं. पानाच्या पोटात अनोळखी खुणा आहेत म्हणे. अनोळखी." काका हसले, पण वाटीकडे गेलेला त्यांचा हात वाटीपाशीच थांबला. "मी त्या खुणांना चांगला ओळखतो."

मला तेव्हा कळलं नाही ते काय म्हणतायत. पण मी नुकतीच सोळा पूर्ण केली होती, शाळेच्या संगणक प्रदर्शनात पहिली आले होते आणि मला असं वाटत होतं की जगात मला दुरुस्त करता येणार नाही अशी गोष्ट अजून तयार व्हायचीय. मी म्हणाले, "काका, मी बघते."

बाबा म्हणाले, "झालं. आता दोन दिवसांत सांगलीची वीज जाणार."

---

ग्रंथालयाची संगणकाची कामं हृषीदादा बघतो. तो आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी, आता मोठ्या कंपनीत आहे आणि शनिवारी इथे फुकट काम करतो. हे तो कुणाला विसरू देत नाही.

"या मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या आत्याबाईंनी काय करून ठेवलंय ते बघा."

त्यानं जुना पडदा माझ्याकडे वळवला. हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे.

जावा ही प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा. कधीची म्हातारी झालीय, पण निवृत्त व्हायचं नाव नाही. जावात वेबसाइट लिहिताना प्रत्येक पान कुणी हातानं लिहीत नाही. त्यासाठी फ्रेमवर्क म्हणून एक तयार सांगाडा असतो. पानाचा नमुना एकदाच करायचा, त्यात मोकळ्या जागा सोडायच्या आणि प्रत्येक जागेला एक चिठ्ठी लावायची. कुणी पान मागितलं की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम त्या चिठ्ठ्या वाचतो आणि कुठे पुस्तकाचं नाव, कुठे सूचना असं जागच्या जागी भरतो. भरून झालं की चिठ्ठीचं काम संपलं. शिंपी ब्लाउज बेतताना कापडावर खडूनं रेघा मारतो आणि शिवून झाल्यावर झटकून टाकतो ना, तशाच या चिठ्ठ्या. त्या फ्रेमवर्कच्या खासगी असतात, बाहेरच्या जगाला त्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये एक खटका असतो. पान बाहेर पाठवताना चिठ्ठ्या काढायच्या की राहू द्यायच्या? काम चालू असताना राहू देतात, म्हणजे काय कुठे बिघडलंय ते दिसतं. वेबसाइट लोकांसाठी उघडली की खटका फिरवतात आणि चिठ्ठ्या आपोआप गळून पडतात.

मृणालआत्यानं वेबसाइट उघडली आणि खटका फिरवलाच नाही. उलट एक वेगळी ओळ लिहून तो तसाच पक्का करून ठेवला. इतकी वर्षं ग्रंथालयाचं प्रत्येक पान अंगावर खडूच्या रेघा घेऊन बाहेर पडत होतं.

"विसरल्या असतील," हृषीदादा म्हणाला.

"आत्या विसरणारी नव्हती."

"मग ही नावं बघ."

चिठ्ठ्यांवर लोक साधी नावं लिहितात. शीर्षक, यादी, बटण वगैरे. आत्यानं लिहिलं होतं, मीठ. चटणी. कोशिंबीर. लोणचं. भाजी. आमटी. वरणभात. आणि सगळ्यात शेवटी, जिथून पानातून बाहेर पडायचं तिथे, ताक.

मला हसू फुटलं. मग हळूहळू थांबलं. अगदी वर मधोमध मीठ, म्हणजे ग्रंथालयाचं नाव. मध्यभागी वरणभात, म्हणजे सध्या ऐकत असलेलं पुस्तक. एका कडेला चटणी, म्हणजे छोट्या तिखट सूचना, ‘पुस्तकं वेळेत परत करा’ वगैरे. लोणचं म्हणजे जुनी, मुरलेली ध्वनिमुद्रणं. दुसऱ्या कडेला भाजी आणि आमटी, म्हणजे कादंबऱ्या आणि क्रमशः चालणाऱ्या मालिका.

"दादा, हे ताट आहे," मी म्हणाले. "तिनं पान वाढलंय."

आपल्याकडे पुस्तकाचंही पान आणि जेवणाचंही पान. आत्यानं दोन्ही एकच करून टाकलं होतं. आणि काकांना ताटातल्या जागा लहानपणापासून पाठ. मीठ कुठे, चटणी कुठे, हे डोळे असलेल्यांनाही न बघता कळावं म्हणूनच तर त्या जागा ठरवलेल्या. सांग्याला हे पान मिळालं तेव्हा पोटात ही नावं दिसली आणि माणसानं हातानं लिहिलेली नावं म्हणून त्यानं ती मानली. सगळ्या जगाची पानं तो विस्कटत होता, पण हे पान त्यानं होतं तसं राहू दिलं.

"मग आता नकोत का झाली?" मी विचारलं.

हृषीदादानं सांगितलं ते असं. काही लोकांनी पानांच्या पोटात सांग्यासाठी चोरटे निरोप लपवायला सुरुवात केली. माणसाला न दिसणारे, यंत्राला मात्र दिसणारे. याला दुसरं दुकान सांगू नकोस, त्याला हेच घ्यायला लाव. कुठल्याशा गावी एका बाईंच्या दारात टेंपो भरून कुकर उतरले. म्हणून नियम आला, निर्मळ पानाचा. अनोळखी खूण दिसली की नवा सांग्या पान उघडणारच नाही. आणि पानानं काही मोठ्यानं बोलायचं असेल तर ते वाचनपट्टी नावाच्या ठरावीक जागीच लिहायचं, म्हणजे ते तपासता येतं.

"मी खटका फिरवतो," तो म्हणाला. "चिठ्ठ्या गेल्या की पान निर्मळ."

"आणि काकांचं ताट?"

"ताट गेलं. पण पुस्तकं राहतील ना. सांग्या सांगेल की."

"त्यांना सांग्याचं नकोय." मी खुर्ची ओढून बसलेच. "खटका फिरव. पण चिठ्ठी काढून टाकायच्या आधी तिच्यावरचं नाव वाचनपट्टीत ओतायचं. चिठ्ठी गेली तरी नाव राहील. पान बाहेर पडतं त्या दारातच हे करता येतं."

तो म्हणाला, "सोळा वर्षांची आहेस ना तू? मी सोळाव्या वर्षी पतंग उडवत होतो."

"अजूनही तेच करतोस," मी म्हणाले. त्यानं हसून जागा दिली.

दोन शनिवार गेले. मी लिहायचे, तो चुका काढायचा, मध्ये आईनं दिलेलं भडंग खाऊन कळफलक तेलकट व्हायचा आणि तो ओरडायचा. शेवटी पान तपासणीला पाठवलं. तपासणाऱ्या यंत्रानं सगळं मान्य केलं, फक्त काही पट्ट्यांवर बोट ठेवलं. चटणीची पूर्ण चिठ्ठी होती ‘माझ्या उजव्या हाताला चटणी’. भाजीची ‘माझ्या डाव्या हाताला भाजी’. आणि पानावर तर चटणी डावीकडे होती, भाजी उजवीकडे. यंत्राचा शेरा आला, दिशा चुकीच्या, आणि ‘माझ्या’ म्हणजे कुणाच्या ते स्पष्ट नाही.

हृषीदादा म्हणाला, "आत्यांना डावं-उजवं कळायचं नाही का?"

मी जोरात हसले, कारण खरंच कळायचं नाही. आमच्या घरातला हा पेटंट विनोद आहे. मी लहान असताना बाबा गाडी बाहेर काढत होते आणि आत्या गेटजवळ, गाडीच्या पुढे उभी राहून सांगत होती, उजवीकडे दादा, उजवीकडे, अजून उजवीकडे. बाबांनी उजवीकडे घेतली आणि गाडी गेटला घासली. गेटवर तो ओरखडा अजून आहे. त्यानंतर आमच्याकडे कुणीही डावं-उजवं चुकवलं की म्हणतात, मृणाल झाली.

"चुकून उलटं लिहिलंय," मी म्हणाले. आणि सरळ केलं. डावीकडे चटणी. उजवीकडे भाजी. ते ‘माझ्या’ पण काढलं.

यंत्रानं पान पास केलं. मला इतका आनंद झाला की मी सायकल न घेताच घरी पळत आले आणि मग सायकल आणायला परत गेले.

---

काका गॅलरीत बसले होते. मी म्हणाले, "लावा कानाला. नवं पान. चाचणीला उघडलंय."

त्यांनी सांग्याला ग्रंथालयाचं पान मागितलं आणि ऐकत राहिले. मला ऐकू येत नव्हतं, मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग खाली आल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"सगळं जागच्या जागी आहे ना?"

"अगदी. डावीकडे चटणी. उजवीकडे भाजी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. एवढं करायला डोकं लागतं."

मग त्यांनी सांग्या कानातून काढला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तो खिशातच होता. त्या आठवड्यात ते एक प्रवासाचं पुस्तक ऐकत होते, त्यातली माणसं बर्फात अडकलेली. मी विचारलं, सुटली का? ते म्हणाले, "असतील सुटली." आई म्हणाली, कंटाळा आला असेल. बाबा म्हणाले, वय झालं. मला मात्र टोचत होतं. सगळ्या तपासण्यांत पास झालेलं पान आणि ज्याच्यासाठी केलं त्याला नको. असं कसं?

रविवारी जेवायला बसलो. आम्ही बाकीचे एकेका वाडग्यात सगळं कालवून खातो. आता कोण ताटं घेतं? पण काकांना आई ताटच वाढते. तिखट कमी झालंय असं ते म्हणाले म्हणून आईनं मला चटणी वाढायला सांगितलं. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर होते. चमचा पुढे केला आणि म्हणाले, "काका, चटणी वाढते हं, डावीकडे."

त्यांची बोटं ताटाच्या कडेवर थांबली.

"कुणाच्या?" ते म्हणाले.

"काय कुणाच्या?"

"कुणाच्या डावीकडे?"

"तुमच्याच की. ताटाच्या डावीकडे."

"हां." ते हसले. "मृणाल तसं म्हणायची नाही."

आईनं आमटीचा डाव तसाच हातात धरला. काका सांगायला लागले, बँकेतल्या जुन्या गोष्टी सांगतात तसं, मजेत.

"लग्न झालं तेव्हा सगळे मला घड्याळात जेवण सांगायचे. श्रीरंग, बारा वाजता मीठ. नऊला चटणी, तीनला भाजी. अंध शाळेत हीच पद्धत शिकवतात, चांगली पद्धत आहे. मृणालला पहिल्या दिवशी माझ्या आईनं सांगितलं, त्याला असं सांगायचं. ती ताट घेऊन माझ्या समोर बसली आणि म्हणाली, मी काही घड्याळापुढे बसलेली नाही. मी तुझ्यापुढे बसलेय. माझ्या उजव्या हाताला चटणी, डाव्या हाताला भाजी. तुझं तू उलटं करून घे." त्यांनी ताटाच्या कडेवर नखानं टक केलं, चटणीच्या जागी. "असं नख वाजवायची. समोरून. मग माझ्या लक्षात आलं. नऊला चटणी म्हटलं की मी एकटा जेवतोय. माझ्या उजव्या हाताला म्हटलं की समोर कुणीतरी आहे, त्याला हात आहेत."

मला टक ऐकू आलं. आत्ताचं नाही, लहानपणचं. मी टेबलाखाली बसलेली असायचे, आत्याच्या पायांशी, आणि वर स्टीलवर नख वाजायचं. टक, चटणी. टक, कोशिंबीर. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी जेवण असं वाजतं.

"म्हणजे ती चूक नव्हती," मी म्हणाले. "चिठ्ठ्यांवर उलटं लिहिलेलं."

"सर्व्हर म्हणजे काय गं?" काकांनी विचारलं. "वाढणारा. ती म्हणायची, मी सर्व्हरच्या बाजूनं लिहिते, म्हणजे वाढणारीच्या बाजूनं. ती चिठ्ठ्या काढायला तयार नव्हती ती एवढ्यासाठीच. पुढे सांग्या आला, त्याचा आवाज कोरडाच. पण तो म्हणायचा माझ्या उजव्या हाताला चटणी, आणि मी मनात उलटं करून घ्यायचो. ते करताना रोज ती समोर बसायची."

बाबा खिडकीतून गेटकडे बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी गाडीच्या वेळी पण..."

"ती तुझ्याकडे तोंड करून उभी होती," काका म्हणाले. "तिची उजवी सांगत होती. ‘माझ्या’ म्हणायचं तेवढं राहिलं."

---

मी जेवण अर्धं टाकून हृषीदादाला फोन केला. रविवार होता, तरी तो ग्रंथालयात आला. एक तारीख मंगळवारी होती.

‘माझ्या’ परत लिहिणं सोपं होतं. अडचण पुढे होती. वाचनपट्टी कुणाच्या तोंडची असेल तर बोलणाऱ्याचं नाव द्यायची सोय नियमात होती. नाव दिलं की ‘माझ्या’ चालतं आणि डावं-उजवं त्या माणसाच्या बाजूनं धरतात. बेवारस शब्द मात्र चालत नाहीत. कारण तेच, ते कुकर. उद्या कुणी तक्रार केली तर यंत्र त्या माणसालाच विचारतं, हे तू म्हणालास का?

हृषीदादानं बोलणाऱ्याच्या जागी आत्याचं पूर्ण नाव लिहिलं. ग्रंथालयाच्या नोंदीत ते होतंच. आम्ही वाट बघितली.

उत्तर आलं, ही व्यक्ती उत्तर देऊ शकत नाही.

त्यानं ते पटकन पुसलं. मी आधीच वाचलं होतं. खाली रस्त्यावरून कुणीतरी पेरू विकत चाललं होतं आणि आम्ही दोघं उगीचच ते ऐकत बसलो.

"कुणीतरी जिवंत माणूस लागेल," शेवटी तो म्हणाला. "सोळाच्या वरचं. काकांचं स्वतःचं नाव टाकू या का?"

"ते स्वतःच्या समोर कसे बसतील?"

आता माझंच नाव उरलं होतं, पण ते लिही असं तो स्वतःहून म्हणणार नव्हता. घरी विचारल्याशिवाय हे करता येणार नव्हतं. घरी म्हणजे काकांना. मी माझं नाव लिहिलं असतं तर त्या पानावरून आत्या उठली असती आणि तिच्या जागी मी बसले असते. आणि नाही लिहिलं तर तिथे कुणीच नसतं.

संध्याकाळी मी वर गेले. काका कपड्यांच्या घड्या घालत होते, सदरे एकीकडे, पंचे एकीकडे. मी सगळं सांगितलं. ते उत्तरसुद्धा, कारण त्यांच्यापासून काही लपवलं की त्यांना माझ्या आवाजात कळतं.

त्यांनी एक पंचा घडी घालून परत उलगडला. परत घडी घातली.

"उत्तर देऊ शकत नाही," ते म्हणाले. "यंत्र खोटं बोललं नाही."

"तुम्हाला नको असेल तर राहू दे. डावीकडे चटणीवालं पान तयारच आहे."

"मला काय हवंय ते सोड. ती तिथे बसली होती तेव्हा मी तिला कधी विचारलं नाही, तुला चालेल का. आता तुला विचारतो. तू दहावीला आहेस. उद्या पुण्याला जाशील, आणखी कुठे जाशील. तिथंही कुणी विचारलं की सांगावं लागेल, हो, मी त्या माणसासमोर बसलेय. आणि ऐकणारा मी एकटा नाही. साठे गुरुजी आहेत, कुपवाडच्या शेख वहिनी आहेत. सगळ्यांच्या समोर तू."

"चालेल," मी म्हणाले.

"लगेच चालेल म्हणू नकोस."

म्हणून मी थांबले. खरंच थांबले, हे मला जमत नाही तरी. गॅलरीतून गेट दिसत होतं, त्याच्यावरचा ओरखडा दिसत होता. मग म्हणाले, "चालेल, काका."

"मग आधी वाढायला शीक. ज्या मुलीला लोणचं कुठे वाढतात ते माहीत नाही तिच्या हातचं पान मी घेणार नाही."

सोमवारी शाळेतून आल्यावर आईनं मला ताट दिलं आणि कट्ट्याला टेकून बघत उभी राहिली. मी काकांच्या समोर बसले. मीठ जमलं. चटणी वाढून नख वाजवलं तर आवाजच आला नाही, नखं कापलेली. काका म्हणाले, "चमचा वाजव." लिंबू वाढलं. मग लोणचं मी भाजीशेजारी वाढलं आणि म्हणाले, "माझ्या डाव्या हाताला लोणचं."

त्यांनी बोटानं चाचपलं. "आणि भाजी?"

"तिथंच, शेजारी."

"दोघांची भांडणं लागतील. लोणचं तुझ्या उजवीला, चटणीकडे."

आई हसून हसून खाली बसली. ती म्हणाली, हीच चूक तिनं लग्न होऊन आल्यावर केली होती आणि तेव्हा मृणालवन्सं हसल्या होत्या. मला हे माहीतच नव्हतं. त्या एका जेवणात आत्याच्या इतक्या गोष्टी निघाल्या की भाजी गार झाली आणि कुणी गरम करायला उठलं नाही.

मग मी हृषीदादाला कळवलं. त्यानं बोलणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं. माझ्या कानात सांग्या म्हणाला, "ही पट्टी तुमच्या तोंडची आहे का?"

मी म्हणाले, "हो. माझ्या."

---

मंगळवारी सकाळी माझा युनिफॉर्म घालून झाला होता, एका पायात मोजा होता. वर गेले तर काका आधीच खुर्चीत बसलेले, सांग्या कानात. ते ऐकत होते आणि मधूनमधून ओठ हलत होते. मी दारातच थांबले.

त्यांचा डावा हात हळूच उचलला गेला आणि हवेत, चटणी असते त्या जागी, थांबला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"समोर रेवा, म्हणतोय." ते थोडं थांबले. "मीठ मधोमध. माझ्या उजव्या हाताला चटणी." परत थांबले, या वेळी जास्त. त्यांचा हात खाली आला आणि मांडीवर पडला. मला वाटलं आता ते सांग्या काढून खिशात ठेवणार.

"वेगळं वाटतंय?" मी विचारलं.

"उंची कमी झालीय समोरच्याची," ते म्हणाले. "मृणाल ताठ बसायची. तू पोक काढून बसतेस." त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी पुसलं, लपवलं नाही. "सवय होईल. जा, शाळेला उशीर होतोय. आणि दार ओढून घे, मला वरणभाताकडे जायचंय. ती माणसं अजून बर्फात आहेत."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर जरा वेळ ताठ उभी राहिले.

खाली बाबा त्यांची जुनी गाडी बाहेर काढत होते, जिला आपली आपण चालता येत नाही. मी गेटपाशी गेले, गाडीच्या पुढे तिच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि हात वर केला.

"बाबा," मी ओरडले, "माझ्या उजव्या हाताला घ्या. माझ्या."

बाबांनी समोरच्या काचेतून माझ्याकडे बघितलं. मग स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, आणि गाडी गेटला न लागता रस्त्यावर आली.